पाटाच्या तोंडाशी अडलेली सरहद्द : इस्फारा खोऱ्याचे प्रकरण

किर्गिझस्तानच्या नैऋत्य टोकाला असलेल्या बातकेन प्रांतात, कोक-ताश गावाजवळ, एका डोंगरी नदीचे पाणी वळवणारे बांधकाम आहे. नदीत बांध, लोखंडी दारे आणि तेथून फुटणारे पाट, एवढाच त्याचा पसारा. आसपासचे किर्गिझ आणि ताजिक, दोघेही त्याला ‘गोलोव्हनोय’ म्हणतात. शब्द रशियन आहे. डोके या अर्थाच्या शब्दावरून आलेला. आपल्याकडे ज्याला पाटाचे तोंड म्हणतात तेच. २८ एप्रिल २०२१ रोजी ताजिक बाजूच्या कर्मचाऱ्यांनी तेथील खांबावर, किती पाणी उचलले जाते यावर नजर राहावी म्हणून, कॅमेरा बसवायला घेतला. किर्गिझ बाजूने तो उतरवण्याची मागणी केली. बाचाबाचीचे रूपांतर दगडफेकीत झाले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांची सशस्त्र दले एकमेकांवर गोळ्या झाडत होती. शांतता प्रस्थापित होईपर्यंत दोन्हीकडचे मिळून पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते आणि हजारो कुटुंबांनी घरे सोडली होती.

या घटनेचा उलगडा त्या दिवसांत तीन ठरावीक प्रकारे केला गेला. कोणी तिला किर्गिझ आणि ताजिक या दोन वंशांमधील जुने वैर म्हटले, कोणी पाण्याचे युद्ध म्हटले, तर कोणी स्टालिनने मुद्दाम वेड्यावाकड्या ओढलेल्या नकाशाला दोष दिला. तिन्हींत तथ्याचा अंश आहे. परंतु इतिहास, भाषाविज्ञान, जलविज्ञान, मानवशास्त्र आणि कायदा या शाखांनी इस्फारा खोऱ्यात गेल्या तीन दशकांत जे काम केले आहे, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तर एक वेगळी गोष्ट दिसते. येथील सीमा कधीच एकदा आखली गेली आणि मग तिच्यावरून भांडण झाले, असे घडलेले नाही. ती पाट खोदताना, गाव वसवताना, रस्ता नेताना आणि झाडे लावताना थोडी थोडी तयार होत गेली आणि पाटाचे तोंड हे तिचे सर्वांत आधी पक्के झालेले ठिकाण होते. म्हणूनच या प्रकरणाचा अभ्यास नकाशापासून नव्हे, तर पाण्यापासून सुरू करावा, असे माझे मत आहे.

ही नदी तुर्कस्तान पर्वतरांगेच्या हिमनद्यांतून उगम पावते आणि उत्तरेकडे फरगाना खोऱ्यात उतरते. वरच्या अंगाला किर्गिझ लोक तिला आक-सू म्हणतात, म्हणजे पांढरे पाणी. खाली, ताजिकिस्तानातील इस्फारा शहराजवळ तिचे नाव इस्फारा होते. नावानुसार ती सीर दर्याची उपनदी आहे, पण शेते आणि बागा तिचे पाणी वाटेतच पिऊन टाकतात. फरगाना खोरे हे साधारण बावीस हजार चौरस किलोमीटरचे, डोंगरांनी तीन बाजूंनी वेढलेले, मध्य आशियातील सर्वांत दाट वस्तीचे मैदान आहे. उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या तीन देशांच्या सीमा त्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. खोऱ्याच्या दक्षिण कडेवर वोरुख हे ताजिकिस्तानचे मोठे गाव आहे. तीस हजारांहून अधिक वस्तीचे, आणि चारही बाजूंनी किर्गिझ भूमीने वेढलेले. थोड्या पूर्वेला सोख आहे. तेही किर्गिझ भूमीने वेढलेले, पण उझबेकिस्तानच्या मालकीचे. आणि तेथील बहुसंख्य लोकांची घरची भाषा मात्र ताजिक. वंश, भाषा आणि राज्य ही तीन वर्तुळे एकमेकांवर बसत नाहीत, याचे सोखइतके उघड उदाहरण सापडणे अवघड आहे.

हे तुकडे एकेकाळी एकच प्रदेश होते, याचा पुरावा भारतीय वाचकाला परिचित असलेल्या एका माणसाने लिहून ठेवला आहे. १४८३ मध्ये अंदिजान येथे जन्मलेल्या आणि बाराव्या वर्षात फरगानाच्या गादीवर बसलेल्या बाबराने आपल्या आठवणींत इस्फाऱ्याचे वर्णन केले आहे. डोंगराच्या पायथ्याशी वाहते पाणी, बागा, त्यांत बदामाची झाडे सर्वांत जास्त, आणि रहिवासी सारे फारसी बोलणारे सार्त, असे तो सांगतो. इस्फाऱ्याचे चार भागही तो मोजतो: इस्फारा, वोरुख, सोख आणि हुश्यार. उझबेक सत्ताधीश शैबानी खानाकडून सर्व काही गमावल्यावर त्याने सोख आणि हुश्यारच्या डोंगरांत हालात दिवस काढले आणि तेथूनच १५०४ मध्ये तो काबूलकडे निघाला. आजच्या राजकीय नकाशावर त्या चार नावांपैकी पहिली दोन ताजिकिस्तानात आणि उरलेली दोन उझबेकिस्तानात आहेत, तर त्यांच्यामधली जमीन किर्गिझस्तानची आहे.

बाबराच्या नोंदीतला ‘सार्त’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ आणि लोकसंख्येचे अभ्यासक या दोघांच्या दृष्टीने मोलाचा आहे. तो वंशवाचक नव्हता. वस्ती करून, शेती-व्यापारावर जगणाऱ्या माणसाला तो लावला जाई, मग ती माणसे फारसी बोलोत वा तुर्की. त्याच्या विरुद्ध बाजूला कळपांसह फिरणारा पशुपालक असे. झारशाहीच्या १८९७ च्या जनगणनेत सार्त हा वर्ग होता. १९२६ च्या सोव्हिएत जनगणनेतून तो काढून टाकण्यात आला. त्यानंतर माणसाला उझबेक किंवा ताजिक यांपैकी काहीतरी एक व्हावे लागले. एकाच घरातील दोन भावांची नोंद दोन राष्ट्रीयत्वांत होण्याइतके हे वर्ग सुरुवातीला सैल होते, पण नोकरी, शाळा, पासपोर्ट आणि प्रजासत्ताकाची जमीन त्यांना बांधली गेल्यावर ते घट्ट होत गेले. म्हणून ‘जुने वांशिक वैर’ हे स्पष्टीकरण देणाऱ्याने आधी हे सांगितले पाहिजे की, ज्यांच्यात वैर होते ते वंश त्या नावांनी केव्हापासून अस्तित्वात आहेत.

शब्दांचा मागोवा येथे नुसती हौस म्हणून घ्यायचा नसतो. ताजिक भाषेत सीमेला ‘सरहद’ म्हणतात, आपण सरहद्द म्हणतो; दोन्ही फारसीच्या एकाच दारातून आलेले. किर्गिझ भाषेतला शब्द ‘चेक आरा’ असा पूर्ण वेगळा आहे. पाण्याचे शब्द मात्र निराळे चित्र दाखवतात. पाटाला किर्गिझ लोक ‘आरिक’ आणि ताजिक लोक ‘जूय’ म्हणतात, तरी पाणी वाटून देणाऱ्या माणसाचे नाव दोन्हीकडे एकच आहे: ताजिकांचा मिराब, किर्गिझांचा मुराब. खानदेशातील फड बागायतीत पाटकरी जे काम करतो, तेच काम तो करतो. वसंतात पाट उपसण्यासाठी गावाने एकत्र येऊन केलेल्या श्रमालाही ताजिक ‘हशार’ म्हणतात आणि किर्गिझ ‘अशार’. जेथे काम सामाईक होते तेथे शब्द सामाईक राहिला, जेथे राज्य आले तेथे तो वेगळा झाला, असे येथील शब्दसंग्रहाबद्दल म्हणता येते.

नकाशे दोन, राज्य एक

१८७६ मध्ये रशियाने कोकंदची खानशाही खालसा केली, तेव्हा या खोऱ्यात अंतर्गत सीमा होत्या त्या केवळ प्रशासकीय होत्या. १९२४ मध्ये सोव्हिएत सत्तेने मध्य आशियाची ‘राष्ट्रीय विभागणी’ केली. ती मॉस्कोत बसून एका माणसाने पेन्सिलीने ओढलेली रेघ होती, ही समजूत अभिलेखागारे खुली झाल्यानंतर झालेल्या संशोधनात टिकलेली नाही. स्थानिक कम्युनिस्ट नेते, मोजणी करणारे वंशशास्त्रज्ञ आणि अर्ज घेऊन येणारी गावे यांच्यात बरीच ओढाताण झाली. निकष तीन होते: लोकसंख्येतील बहुमत, भूभागाची सलगता आणि आर्थिक सोय. इस्फाऱ्यासारख्या ठिकाणी हे तिन्ही निकष तीन दिशांना ओढत होते. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत, ज्यांना किर्गिझ ‘जायलू’ म्हणतात, आणि हिवाळ्यात खाली राहणाऱ्या पशुपालकांची गणना कोणत्या गावात करायची, हा प्रश्न तर निकषांत बसणाराच नव्हता.

यातला एक तपशील अनेकदा नजरेतून सुटतो. १९२४ मध्ये ताजिकिस्तान हे उझबेक प्रजासत्ताकातील स्वायत्त एकक होते आणि खुजंद-इस्फाऱ्याचा पट्टा त्यात नव्हताच. तो थेट उझबेकिस्तानात होता. १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळे संघीय प्रजासत्ताक झाले तेव्हा हा पट्टा त्याला जोडला गेला. म्हणजे दुशान्बे, अर्थात ताजिक सरकार, ज्या १९२४ ते १९२७ च्या नकाशांचा आधार घेत आले, त्या नकाशांवरची रेघ काढली गेली तेव्हा ती उझबेक आणि किर्गिझ यांच्यातली होती. बिश्केकचा, अर्थात किर्गिझ सरकारचा, आधार वेगळा: १९५८-५९ आणि १९८९ च्या संयुक्त आयोगांनी प्रत्यक्ष वापरावरून ठरवलेल्या सीमा. ताजिक बाजूने त्या मान्य झाल्या नव्हत्या. दोन्ही नकाशे एकाच राज्याने काढलेले, दोन्हींवर त्याच राज्याचे शिक्के. सोव्हिएत संघ मोडताना त्यातील प्रजासत्ताकांनी केलेल्या २१ डिसेंबर १९९१ च्या अल्मा-आता जाहीरनाम्याने विद्यमान सीमांचा आदर करण्याचे ठरले, आणि ताबा आहे तशी सीमा हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे तत्त्व जगभर वापरले जाते. पण ‘विद्यमान’ म्हणजे कोणत्या वर्षीची, याचे उत्तर कायद्याकडे नव्हते. सुमारे ९७० किलोमीटर समजल्या जाणाऱ्या ताजिक-किर्गिझ सीमेचा जवळपास निम्मा भाग स्वातंत्र्यानंतर दोन दशके अनिर्णित राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

एप्रिलचे पाणी

जलविज्ञानाने या प्रकरणाला दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. हिमनदीवर जगणाऱ्या नदीला सर्वाधिक पाणी जुलै-ऑगस्टमध्ये, बर्फ जोरात वितळते तेव्हा, येते. बागा आणि शेतांना पहिले पाणी लागते ते मात्र एप्रिलमध्ये, नदी अजून क्षीण असताना. त्याच सुमारास गोलोव्हनोयहून निघालेला पाट बातकेन भागातील तोर्तगुल जलाशयही भरत असतो. हा जलाशय सोव्हिएत काळात किर्गिझ बाजूच्या कोरड्या जमिनी भिजवण्यासाठी बांधला गेला. त्याच्याकडे वळलेले पाणी त्या दिवशी खालच्या ताजिक गावांना मिळत नाही. आणि त्याच्याकडे वळले नाही, तर किर्गिझ शेतकऱ्याचा पुढचा हंगाम धोक्यात येतो. वर्षाच्या सरासरीत पाहिले तर वाटप फारसे अन्याय्य दिसत नाही, पण शेतकरी सरासरीवर पीक घेत नाही. २०२१ ची ठिणगी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पडली, ती या दिनदर्शिकेमुळे.

सोव्हिएत काळात तिन्ही प्रजासत्ताकांचे हिस्से टक्क्यांत ठरलेले होते आणि तंटा झाला तर वर तोडगा काढणारा एकच मालक होता. तरीही तेव्हाच्या मालकाच्या डोळ्यांदेखत, १९८९ च्या उन्हाळ्यात, इस्फारा आणि बातकेनच्या गावांत पाणी आणि जमिनीवरून हिंसक चकमकी झाल्या. तेव्हा सामूहिक शेते एकमेकांकडून जमिनी दीर्घ मुदतीने घेत, कुरणे वापरायला देत, प्रजासत्ताकाची हद्द ओलांडून पाट नेत. कागदावर ते करार असत, जमिनीवर मात्र काही पिढ्यांनी तो हक्क होऊन बसे. डोंगरातील किर्गिझ पशुपालकांना खाली आणून वसवलेली आक-सायसारखी गावे याच काळातली. ती नदीच्या काठाने वोरुख आणि इस्फारा यांच्या मधोमध आली, आणि त्यामुळे वोरुखचा एकुलता रस्ता आक-सायमधून जाऊ लागला, तर किर्गिझांचा बातकेन ते आक-साय रस्ता ताजिक वस्त्यांना खेटून. प्रत्येकाच्या वाटेचा एक तुकडा दुसऱ्याच्या हातात राहिला.

ज्यांनी या खोऱ्यात प्रत्यक्ष राहून अभ्यास केला त्यांत ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मॅडेलिन रीव्ह्ज यांचे काम सर्वांत लक्षणीय आहे. सीमा ही आधीच असलेली वस्तू नसून चौकीवरचा शिपाई, मिनीबसचा चालक, जलाधिकारी आणि शेतकरी आपापल्या रोजच्या कामातून ती घडवत असतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. गावकरी आपल्या वस्त्यांचे वर्णन बुद्धिबळाच्या पटासारखे करतात: एक घर ताजिक, पुढचे किर्गिझ, मग परत ताजिक. या पटावर सीमा सांगणारी खूण म्हणजे खांब नव्हे, तर विजेचे बिल, मुलाची शाळा आणि अंगणातले झाड.

झाडाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. इस्फाऱ्याचे नाव आज जर्दाळूशी जोडलेले आहे. मिरसंजली आणि कांदक या तेथील मान्यवर जाती. बाबराच्या वेळचे बदाम मागे पडले आणि सुकवलेला जर्दाळू हे खोऱ्याचे रोख पीक झाले. ताजिक भाषेत त्याला ‘जर्दोलू’ म्हणतात, तो शब्द आपल्या वाण्याच्या दुकानापर्यंत जसाच्या तसा पोहोचलेला आहे. कोणाचीच नसलेल्या दगडी उतारावर रोप लावायचे, त्याला घागरीने पाणी घालायचे, मग त्याच्यासाठी लहानसा पाट काढायचा, पाटाला कुंपण घालायचे आणि कुंपणाच्या आत भावाच्या लग्नासाठी खोली बांधायची, असा हा क्रम असतो. त्यात कोणताही टप्पा देश जिंकण्यासाठी उचललेला नसतो. वोरुखची लोकसंख्या वाढती आहे, जमीन तेवढीच आहे, आणि रशियात मजुरी करणाऱ्या मुलांनी पाठवलेले पैसे घर बांधण्यातच जातात. दुसरीकडे किर्गिझ गावांतील तरुणही रशियाला जातात आणि रिकाम्या घरांना गिऱ्हाईक शेजारच्या ताजिक कुटुंबाचे मिळते. बिश्केकच्या राजकीय भाषेत याला ‘सरपटते स्थलांतर’ असे नाव पडले. जे एका बाजूला पोटाची सोय होती ते दुसऱ्या बाजूला आक्रमण ठरले, आणि उपग्रहचित्रांत वर्षागणिक वाढणारा हिरवा पट्टा दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या दाव्याचा पुरावा म्हणून वाचला.

सीमेवर बंदुका येण्याचे वर्ष मात्र निश्चित सांगता येते. १९९९ मध्ये उझबेकिस्तानच्या इस्लामी चळवळीचे सशस्त्र गट ताजिक बाजूने बातकेनच्या डोंगरांत घुसले. त्याच वर्षी बातकेन हा स्वतंत्र प्रांत करण्यात आला. उझबेकिस्तानने आपल्या सीमांवर सुरुंग पेरले आणि खोऱ्यात सर्वत्र चौक्या वाढल्या. त्याआधी दोन गावकऱ्यांचे भांडण वडीलधारे, ज्यांना दोन्हीकडे ‘अक्सकाल’ म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हणतात, ते बसून मिटवत. चौकी आल्यावर त्याच भांडणात गणवेशातला माणूस पक्ष झाला. जानेवारी २०१४ मध्ये वोरुखला वळसा घालणाऱ्या किर्गिझ रस्त्याच्या बांधणीवरून सीमारक्षकांमध्येच चकमक झाली. २०२१ नंतर सीमा पूर्ण बंद झाली. १४ ते १७ सप्टेंबर २०२२ या काळात झालेला संघर्ष त्याहून फार मोठा होता: शंभराहून अधिक मृत्यू, त्यांत अनेक सामान्य नागरिक, आणि बातकेनमधून एक लाखाहून अधिक लोकांचे स्थलांतर. जळालेल्या घरांची मोजदाद करताना मानवाधिकार संघटनांनी उपग्रहचित्रांचाही आधार घेतला.

अशा विषयाला एक विद्याशाखा पुरत नाही, ही जाणीव संस्थांच्या रचनेतही उतरली आहे. जपानमधील होक्काइदो विद्यापीठाचे स्लाव्हिक-युरेशियाई संशोधन केंद्र, जर्मनीतील हाले येथील माक्स प्लांक सामाजिक मानवशास्त्र संस्था, १९९२ मध्ये ताश्कंदला स्थापन झालेली आणि नंतर बिश्केकला गेलेली फ्रेंच मध्य आशिया अभ्याससंस्था, आणि डोंगरी समाजांवर स्वतंत्र संशोधन विभाग चालवणारे मध्य आशिया विद्यापीठ, यांनी भूगोल, भाषा आणि राजकारण एकत्र अभ्यासण्याची सवय लावली. मुंबई विद्यापीठातही मध्य युरेशियाई अभ्यासाचे केंद्र आहे, हे मराठी वाचकाला माहीत असावे. तरीही जलतज्ज्ञाचा अहवाल अभियंत्याच्या कपाटात आणि मानवशास्त्रज्ञाचा ग्रंथ ग्रंथालयात, अशी फारकत अजून मोडलेली नाही. गोलोव्हनोयवर कॅमेरा लावणे हा पाणीमोजणीच्या दृष्टीने योग्यच निर्णय होता. पण त्या खांबावर चढणारा माणूस कोणत्या गणवेशात आहे याला तेथे काय अर्थ आहे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही. या प्रकरणातून माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली बाब हीच आहे.

तोडगा शेवटी निघाला, आणि तो अनेकांच्या अपेक्षेपेक्षा लवकर निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी संपूर्ण रेषेवर एकमत झाल्याचे जाहीर केले आणि १३ मार्च २०२५ रोजी बिश्केक येथे राष्ट्राध्यक्ष सादिर जापारोव आणि इमोमाली रहमोन यांनी सीमाकरारावर सह्या केल्या. त्याच दिवशी दोन सीमाचौक्या उघडल्या. ३१ मार्च रोजी खुजंद येथे उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष शौकत मिर्झियोयेव यांच्यासह तिघांनी तीन सीमा जेथे मिळतात त्या बिंदूवर सह्या केल्या. करारात जमिनींची अदलाबदल आहे, काही रस्त्यांना तटस्थ दर्जा आहे आणि पाण्याच्या बांधकामांपर्यंत दोघांनाही पोहोचता येईल अशी तरतूद आहे. म्हणजे १९२४ चा नकाशा जिंकला नाही आणि १९५८ चाही नाही. जमिनीवर जो वापर तयार झाला होता, त्याचीच देवाणघेवाण झाली. वाटाघाटी बंद दाराआड आणि सुरक्षाप्रमुखांच्या पातळीवर झाल्या. त्याआधी उझबेकिस्तानबरोबरच्या केंपिर-आबाद जलाशयाच्या करारावर आक्षेप घेणाऱ्या किर्गिझ कार्यकर्त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये अटक झाली होती आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, हे लक्षात घेता गावांचे मत या रेषेत किती उतरले याबद्दल मला समाधान वाटत नाही.

दोस्तुक या किर्गिझ गावाच्या नावाचा अर्थ मैत्री असा आहे. आपल्या ‘दोस्ती’तला दोस्तच त्यात आहे. २०२२ मध्ये ते उद्ध्वस्त झाले. करारातील अदलाबदलीत त्या गावाची जमीन गेली आणि तेथील कुटुंबांना दुसरीकडे नवी घरे देण्याचे ठरले. जर्दाळूच्या रोपाला फळ धरायला साधारण चार वर्षे लागतात, पूर्ण भर यायला त्याहून अधिक. नव्या अंगणांत ती रोपे लागली आहेत की नाहीत, आणि त्यांना एप्रिलमध्ये कोणत्या पाटाचे पाणी मिळते, याची नोंद पुढच्या काही वसंतांत कोणीतरी घेत राहिले पाहिजे.